बर्फातला साक्षीदार

बालमित्रांनो, मी एक जुना जंतू आहे. अहो, थांबा! लगेच हात धुवायला पळू नका. आमच्या भाऊबंदांत काही वाईट चालीचे आहेत, नाही कशाला म्हणू? पण मी त्यांतला नव्हे. मी सरळमार्गी नोकरी केली, एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, आणि तीही साक्षीदाराची. आता जंतूला कान कुठले, तोंड कुठलं, मग हा बोलतो कसा, असं ज्याला विचारायचं असेल त्याने खुशाल विचारावं. मी उत्तर देणार नाही. गोष्ट ऐकायची तर एवढी सूट द्यावीच लागते.

माझा जन्म एका धडधाकट माणसाच्या आतड्यात झाला. जागा अंधारी, पण उबदार, आणि खाण्यापिण्याची ददात नाही. तिथून मी काचेच्या नळीत कसा आलो, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तुमचं तुम्ही समजून घ्या.

आमच्यात आई वेगळी आणि मूल वेगळं, अशी भानगड नसते. मी खातो, फुगतो, मधोमध दुभंगतो, आणि दोन्ही अर्धे छाती काढून म्हणतात, ‘मीच तो!’ वाटणीवरून भांडण नाही, कारण थोरला कोण हेच ठरत नाही. ऊब आणि अन्न मिळालं तर तुमची आंघोळ होईपर्यंत एकाचे दोन होतात. खोटं सांगत नाही, एकदा तर दोन दिवसांत मी अख्ख्या पृथ्वीपेक्षा जड होणार होतो. नळीतलं सूप संपलं म्हणून तुम्ही वाचलात.

दुभंगायच्या आधी मात्र एक मोठं काम उरकावं लागतं. आम्हा प्रत्येकाच्या पोटात एक लांबच लांब पोथी असते. तुम्ही तिला डीएनए म्हणता. काय खायचं, कसं वाढायचं, कोणत्या औषधापुढे मान टाकायची, सगळं तिच्यात लिहिलेलं. अक्षरं चारच प्रकारची, पण लाखांनी. एकाचे दोन व्हायचे तर पोथीच्याही दोन प्रती हव्यात. त्यासाठी माझ्या पोटात तीन कामगार आहेत.

पहिला नक्कलनवीस. हा असा झपाट्याने लिहितो, की तुम्ही एक शिंक द्याल तेवढ्यात याची हजार अक्षरं होतात. हात चांगला आहे, पण घाई ती घाईच. एकट्यावर सोपवलं असतं तर दर प्रतीत चाळीसेक चुका करून ठेवल्या असत्या. म्हणून त्याच्या खांद्याशी दुसरा बसलेला असतो, तपासनीस. स्वभावाने खेकसणारा. अक्षर चुकलं रे चुकलं की ‘खोड ते!’ म्हणून हात धरतो, खोडायला लावतो, आणि मगच पुढे जाऊ देतो. तरी दोन प्रतींत मिळून एखादी चूक त्याचीही नजर चुकवतेच. तिच्यासाठी तिसरा, रफूगार. हा अबोल. पोथीची प्रत म्हणजे एक जुना धागा आणि त्याला जोडून विणलेला एक नवा. प्रत झाली की हा तिच्यावरून बोटं फिरवत जातो, आणि दोन धागे जिथे जुळत नाहीत तिथला तुकडा कापून पुन्हा विणतो. दोहोंतला चुकीचा धागा कोणता, हे त्याला कसं कळतं म्हणाल, तर जुन्या धाग्यावर खुणेचे शिक्के असतात आणि नव्यावर ते उमटायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्याला काम उरकावं लागतं. एकदा शिक्का उमटला, की चूकसुद्धा खरी ठरते.

या तिघांच्या जिवावर माझ्या शेकडो प्रतींत एखादीच चूक राहते. पण राहते. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आता माझी नोकरी सांगतो. एखाद्याच्या जखमेतून जंतू आला, की प्रयोगशाळेत त्याला काचेच्या बशीतल्या थिजलेल्या खाद्यावर पसरतात, वर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवतात, आणि बशी उबेच्या कपाटात सरकवतात. दुसऱ्या सकाळी बघायचं. ज्या टिकलीभोवती मोठं मोकळं वर्तुळ, ते औषध त्या जंतूला भारी. पण टिकलीच शिळी निघाली तर? खाद्य नीट थिजलं नसलं तर? म्हणून शेजारच्या बशीत मला पसरत. कोणत्या औषधाने माझं वर्तुळ केवढं पडतं, हे आधीपासून ठरलेलं. ते तेवढंच पडलं, की बाकीचे निकाल खरे. माझी साक्ष चुकली, की त्या दिवशी एकही निकाल दाराबाहेर जायचा नाही. नियम म्हणजे नियम.

मला सांभाळत ते मामा. ते नक्की कोणाचे मामा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मामांनी मला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, “गडी गुणी दिसतो.” लगेच त्यांनी मला थोड्या ग्लिसरीनमध्ये घोळवून एका छोट्या कुपीत भरलं आणि डीप फ्रीझरच्या तळाशी ठेवून दिलं. “अडीनडीला असू दे,” म्हणाले. तो बर्फातला मी. कुपीबाहेर उरलो तो कामावरचा मी. दोघेही मीच, हे तुम्हाला आता सांगायला नको.

कामावरच्या मला मामांनी पोटच्या पोरासारखं जपलं. दर आठवड्याला जुन्या बशीतून नव्या बशीत. सुटी असो, अंगात ताप असो, मामा यायचे म्हणजे यायचे. त्यांची एक खास रीत होती. बशीवर आमचे ठिपके उमटत. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूची सगळी लेकरं. मामा बशी उजेडाकडे धरत, एक डोळा मिटत, आणि सगळ्यांत गोल, गुबगुबीत, देखणा असा एकच ठिपका तारेच्या टोकाने उचलून पुढच्या बशीत नेत. बाकीचे टाकून देत. “घराण्याचा दिवा एकच असावा, पण लख्ख असावा,” असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्या हाताखाली ताई आली. तिलाही त्यांनी हेच शिकवलं. ताई गुणी मुलगी. गुरूची रीत तिने जशीच्या तशी उचलली. मामा निवृत्त झाले, पण त्यांचा ठिपका चालू राहिला.

आणि मी? मी बर्फात. सुरुवातीला दार उघडलं की वाटायचं, आपलंच बोलावणं. मग माझ्यावर दुसऱ्या कुप्या आल्या, कुप्यांवर खोकी आली, खोक्यांवर बर्फाचा थर चढला. कामावरचा मी धडधाकट असताना गाडलेल्याला कोण उकरणार? माझ्या कुपीतले कितीतरी भाऊ थंडीने गेले. रडायची सोय नव्हती. अश्रूसुद्धा गोठले असते.

एक मात्र बरं होतं. फ्रीझर आत मावत नव्हता, म्हणून तो बाहेरच्या बोळात उभा केलेला. त्याला टेकून एक लांब बाक, पेशंटच्या नातलगांसाठी. माणसं बाकावर बसत, फ्रीझरला पाठ टेकत, आणि बोलत. माझ्याइतकी माणसांची दुःखं कुठल्या जंतूने ऐकली नसतील.

असाच एके दिवशी बाकावर आक्काचा आवाज आला. आक्का म्हणजे वॉर्डात पडलेल्या एका सुताराची थोरली बहीण. सुताराच्या हातून पटाशी निसटली होती आणि थेट पावलात घुसली होती. जखम चिघळली. दोन औषधं झाली, दोन्ही वाया. पाऊल काळंनिळं, सूज वर चढत चाललेली. सर्जन बोळात उभे राहून सांगत होते, की गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

“काढा म्हणायला काय जातंय, डॉक्टर?” आक्का म्हणाली. “एका पायावर बगळा उभा राहतो. सुतार नाही राहत. रंधा मारायला दोन्ही पाय रोवावे लागतात.”

“आक्का, मला काय हौस आहे का?” सर्जन वैतागले. “विष वर चढतंय. पाय ठेवायचा म्हणून माणूस घालवू?”

“माणूस नको घालवायला. पण त्याचा पाय गेला तर उरेल तो माझा भाऊ नव्हे, त्याचं ओझं असेल. ते तोच म्हणेल, मी नाही. अजून एखादं औषध असेल की!”

“आहे एक. जालीम आहे, मूत्रपिंडाला त्रास देणारं. ते लागू पडणार असलं तरच देईन. नाहीतर पायही जायचा आणि मूत्रपिंडंही.” तेवढ्यात मोठ्या बाई प्रयोगशाळेतून बाहेर आल्या. सर्जन वळले. “बाई, त्या औषधाचा निकाल कुठाय तुमचा?”

“बशी तयार आहे,” बाई म्हणाल्या. “वर्तुळ पडलंय. पण जेमतेम, ठरलेल्या मापाच्या अगदी रेघेला टेकणारं. आणि आमचा साक्षीदार फिरलाय. त्याच औषधाला.”

“म्हणजे?”

“म्हणजे निकाल देता येत नाही. टिकलीच बिघडलेली असली, तर जेमतेम वर्तुळावर विश्वास कसा ठेवू?”

सर्जनांनी कपाळावर हात मारला. “परवा सकाळपर्यंत वेळ देतो. त्यानंतर एक तास थांबणार नाही.”

ते गेले. आक्का बाकावर बसली आणि फ्रीझरला पाठ टेकून परवा सकाळपर्यंतचे तास मोजायला लागली.

थोड्या वेळाने फ्रीझरचं दार उघडलं. टिकल्यांची पाकिटं याच फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात असत. ताई आणि मोठ्या बाई समोर उभ्या. ताईचे डोळे लाल.

“नवं पाकीट फोडलं, मॅडम. तेच. नवं खाद्य केलं. तेच. वर्तुळाच्या आत ठिपके. सगळे म्हणतात, माझ्या हाताने घाण गेली असेल. घाण नाहीये हो! मी ते ठिपके तपासले. आपलाच जंतू आहे.”

“रडू नकोस, बशा दे इकडे.” बाईंनी चार बशा खिडकीच्या उजेडात धरल्या. बराच वेळ बघत राहिल्या. “ताई, वर्तुळाचा घेर बघ. केवढा आहे?”

“घेर बरोबर आहे.”

“चारही बशांत?”

“चारही बशांत. फक्त आत ठिपके आहेत.”

“टिकली शिळी असती तर घेर लहान झाला असता. झाला नाही. आता ठिपके बघ. या बशीत दोन, हिच्यात मोजता येत नाहीत, हिच्यात सात-आठ, हिच्यात एकही नाही. औषधाने जंतू बदलत असता, तर चारही बशांत साधारण सारखेच ठिपके आले असते. हे असं लहरी कधी होतं? जेव्हा चूक औषध लागायच्या आधीच झालेली असते. कुठे लवकर झाली, तिची लेकरं पुष्कळ. कुठे उशिरा झाली, लेकरं थोडी. टिकली निर्दोष आहे, ताई. आपला जंतूच चुका फार करायला लागलाय.”

“पण मॅडम, मामांनी त्यात एक आठवडा खंड पडू दिला नाही!”

“खंड पडू दिला नाही. आणि दर वेळी एकच ठिपका उचलला.” बाई हळूच म्हणाल्या. “एक ठिपका म्हणजे एकच जंतू, ताई. एखाद्या आठवड्यात असा एक हाती लागला असेल, ज्याचा दुरुस्ती करणाराच बिघडलाय. दिसायला तसाच गोल, तसाच गुबगुबीत. बाकीचे टाकून दिले. मग पुढचे सगळे त्याचेच. जाऊ दे. कारण कळलं, पण कळणं म्हणजे पुरावा नव्हे. बाहेरून नवा जंतू मागवायला आठवडा जाईल. मूळचा कुठे ठेवलाय का?”

ताईला ठाऊक नव्हतं. मी आतून ओरडत होतो, ‘इथे! इथे!’ पण ग्लिसरीनमध्ये आवाज फुटत नाही.

मामांना फोन गेला. मामा आले ते एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून. ताईने सगळं सांगितलं. सांगताना तिचीच जीभ अडखळत होती, कारण ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांनाच सांगायचं होतं. मामांनी बशी घेतली, उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. मग दोन्ही मिटले.

“म्हणजे इतकी वर्षं मी जपत होतो की बिघडवत होतो, बाई?”

मोठ्या बाईंनी खोटं सांगितलं नाही. “दोन्ही, मामा. तुम्ही एकट्याने जपलंत. एकट्याने जपलं की असं होतं. आम्ही कधी येऊन बघितलं नाही, तो दोष आमचा.”

मामा फ्रीझरकडे वळले. त्यांनी बाह्या सरसावल्या, फ्रीझरमधली खोकी बाहेर काढली आणि चमच्याच्या दांड्याने तळाचा बर्फ खरवडायला लागले. बाकावरून आक्का उठली.

“काय शोधताय, काका?”

“तुमच्या भावाचा साक्षीदार.”

“या बर्फात? जिवंत आहे का तो?”

“ते आता त्यालाच विचारायचं,” मामा म्हणाले.

आक्काने पदर खोचला आणि खोकी धरायला पुढे झाली. “मग हळू खरवडा. म्हातारं माणूस दिसतंय.” कोण म्हातारं, मामा की मी, ते तिने सांगितलं नाही.

मित्रांनो, बर्फातून उठणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगूनही कळायचं नाही. आधी अंग चरचरतं, मग भूक लागते, मग आठवतं की आपण कोण. मला बशीवर रेघा ओढून पसरलं. आजूबाजूला बघतो तो बहुतेक भाऊ निपचित. मी उरलेल्यांना म्हणालो, “उठा रे, एका माणसाचा पाय अडलाय.” उठले. दुसऱ्या सकाळी बशीवर मोजकेच ठिपके होते, पण होते.

मामांनी तार घेतली. सवयीने एक डोळा मिटला, आणि हात बरोब्बर सगळ्यांत देखण्या ठिपक्याकडे गेला.

“मामा,” ताई म्हणाली, “एक नको. चार-पाच मिळून घ्या. तो बुटका पण घ्या.”

मामांचा हात थांबला. मग ते हसले. “घेतो, ताई. आता तू शिकव मला.”

मग एकाच दिवशी, एकाच खाद्यावर, एकाच पाकिटातल्या टिकल्या. एका बशीत मी, दुसऱ्या बशीत कामावरचा माझा वंश, तिसऱ्या बशीत सुताराच्या जखमेतला जंतू. उबेच्या कपाटाचं दार बंद झालं. उघडणार ते सर्जनांच्या मुदतीच्या सकाळीच.

आता खरी कसोटी होती. शेकडो प्रतींत एखादी चूक राहते, असं मी म्हणालो होतो. त्या बशीत माझ्या कोट्यवधी प्रती व्हायच्या होत्या. त्यातली एखादी चूक नेमकी त्याच औषधाच्या पानावर झाली असती, तर माझ्याही वर्तुळात ठिपका दिसला असता आणि सगळी मेहनत पाण्यात. मी माझ्या तिघांना हात जोडले. म्हटलं, “बाबांनो, आज जरा जास्त लक्ष द्या.” नक्कलनवीस लिहीतच राहिला. तपासनीस खेकसला, “मग रोज काय झोपा काढतो?” आणि कधी न बोलणारा रफूगार म्हणाला, “रोज करतो तेच आज करीन. जास्त करता येत नाही, कमी करणार नाही.” मला याहून मोठा दिलासा कोणी दिला असता?

प्रती झाल्या. टिकल्यांतलं औषध पसरत आलं. माझे हजारो, लाखो भाऊ टिकलीभोवती शांतपणे पडले. साक्ष द्यायची म्हणजे आमच्यात मरावं लागतं. त्याची आम्हाला सवय आहे.

तेवढ्यात शेजारच्या बशीतून हाक आली. “आजोबा!”

बघतो तो त्या बशीतही वर्तुळ तेवढंच, पण मधोमध, टिकलीच्या अगदी कुशीत, एक चिमुकला ठिपका.

“कोण गं तू?”

“तुमची पणती, खापरपणती, काय ती मोजा. मोजता मोजता बशी संपेल.”

“या औषधात तू जगलीस कशी? कोणी शिकवलं?”

“कोणी नाही शिकवलं. औषध यायच्या आधीच माझ्या पोथीत एक अक्षर चुकलं होतं. मला पत्तासुद्धा नव्हता. सगळ्या बहिणी पडल्या आणि मी उभीच राहिले, तेव्हा कळलं.”

“मग तुझा रफूगार काय करत होता?”

तिने उलट विचारलं, “आजोबा, रफूगार म्हणजे काय?”

मग माझ्या लक्षात आलं. रफूगार कसा घडवायचा, हेही पोथीतच लिहिलेलं असतं. कधीतरी तेच पान चुकलं. आणि रफूगाराचं पान चुकलं, तर ते दुरुस्त कोण करणार? तिथून पुढे चुका साचत गेल्या. तिने मला घरची हकिकत सांगितली. कोणावर औषध चालेनासं झालं, हे लोकांना दिसलं. पण कोणाला साखर पचेना, कोणाला स्वतःचं जीवनसत्त्व करता येईना, कोणी नुसतीच रडतखडत वाढायची, हे कोणी पाहिलं नाही. एकीचं नशीब उघडलं, त्यापायी कितीजणींचं रोजचं जगणं अडलं.

मी तिला रागावलो नाही. कशाला रागावू? आमच्या पूर्वजांत कोणी कधीच चुकलं नसतं, तर आतड्यात संसार थाटायलासुद्धा आम्ही शिकलो नसतो. थोडी चूक घराण्याला पुढे नेते. पण तिला आवर घालणारं घरात कोणी उरलं नाही, की तीच घर चालवायला लागते. मी फक्त म्हटलं, “तू शूर आहेस गं.” ती म्हणाली, “मी शूर नाही, आजोबा. मी उरलेली आहे.”

दार उघडलं. सकाळ झाली होती.

मोठ्या बाईंनी माझी बशी उचलली. ताईने मापपट्टी लावली, काढली, पुसली आणि पुन्हा लावली. मामा लांब भिंतीशी उभे होते. त्यांना बघवत नव्हतं.

“घेर?” बाईंनी विचारलं.

“बरोबर.”

“आत?”

ताईने बशी तिरपी केली, उलटी केली, खिडकीशी नेली. “स्वच्छ. मॅडम, एकही नाही. लख्ख आहे!”

टिकली निर्दोष. खाद्य निर्दोष. मग सुताराच्या बशीतलं ते जेमतेम वर्तुळही खरं. रेघेला टेकलेलं, पण मापात बसणारं. औषध लागू पडणार होतं. बाईंनी सही केली आणि ताई कागद घेऊन जी धावली, ती जिन्यावर सर्जनांना अर्ध्यातच गाठून थांबली. सर्जनांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि तसेच मागे फिरले. शस्त्रक्रियेच्या खोलीकडे नाही, वॉर्डाकडे. खाली बोळात आक्का इतक्या जोरात रडली, की फ्रीझर हादरला. अर्थात मी तेव्हा फ्रीझरमध्ये नव्हतो, पण असं कुप्या सांगतात.

त्याच दुपारी माझ्या त्या नातवंडांच्या सगळ्या बशा ऑटोक्लेव्हमध्ये गेल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे भलामोठा प्रेशर कुकर. त्यातून कोणी परत येत नाही. ताई म्हणाली, “मामा, मी ठेवते.” मामा म्हणाले, “नको. मी वाढवलंय, मीच पोचवतो.” त्यांनी एकेक बशी आत ठेवली, आपटली नाही, फेकली नाही. झाकण लावताना त्यांनी शेवटच्या बशीला बोट लावलं. मला वाटतं, ती खापरपणतीचीच होती. तिचा दोष काय होता, हे मी अजून शोधतो आहे. सापडला नाही.

त्यानंतर मामा आठवड्यातून एकदा येऊ लागले. काम करायला नाही, नुसते बघायला. ताईने माझ्या नव्या कुप्या भरून पुन्हा बर्फात ठेवल्यात. त्यांतल्या मला ती बर्फातून काढते, चार-पाच ठिपके मिळून घेते, थोडे दिवस वापरते आणि मग त्यांना निरोप देऊन पुन्हा मूळच्या मला उठवते. ती काम करते, मामा मागून चष्म्यावरून बघतात आणि मधूनच खेकसतात, “हे काय गं?” ती म्हणते, “मामा, तुम्ही चहा प्या.” पण पुन्हा बघते. कधी कधी खरंच चुकलेलं असतं.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुम्ही मुलं आहात, तुम्ही चुकणार, खुशाल चुका. चूक झाली म्हणून कोणाला कुकरमध्ये घालू नका. पण जी गोष्ट तुम्हाला फार प्रिय असेल, ती एकट्याने जपू नका. शेजारी असा एक कोणीतरी ठेवा, जो ‘थांब, पुन्हा बघ’ म्हणेल. त्याचा राग येईल, येऊ द्या. आणि मूळ कुठे ठेवलंय, ते घरात एकापेक्षा जास्त जणांना ठाऊक असू द्या.

सुताराच्या पायाची दोन बोटं गेली. पाय राहिला. परवा तो पट्टी बदलायला आला होता, आणि जरा टेकायला बोळातल्या बाकावर बसला. आक्का म्हणाली, “बोटांचं काय एवढं? चप्पल तर बसते!” तो हसला आणि फ्रीझरला पाठ लावून बसला. माझ्यापासून वीतभर अंतरावर. आत कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजही नव्हती.

त्याच्या शेजारी एक तरुण बाई बसली होती. कोणाचा तरी निकाल यायचा होता आणि येत नव्हता. तिने तिसऱ्यांदा विचारलं, “इथे नेहमी इतका वेळ लागतो का हो?”

सुताराने आपलं पाऊल जमिनीवर टेकवलं, जरा दाबून पाहिलं, आणि म्हणाला, “लागतो बाई वेळ. पण इथला निकाल येतो तो खरा असतो.”

मित्रांनो, हे वाक्य खोटं पडू देऊ नका.